पेन्शन : तोलून दिलेलं देणं

शेजारचे काका एका कारखान्यात 9 वर्षं 7 महिने राबले. 'दहा वर्षं भरली नाहीत, पेन्शन विसरा,' असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. मी नियम काढून वाचला. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 मध्ये सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. काकांनी पैसे काढून घेण्याचा 10-सी अर्ज भरलेला नव्हता, हे बरं झालं. वय 58 झालेलंच होतं. पेन्शनसाठीचा 10-डी अर्ज भरायचा बाकी होता. पारडं काकांकडे झुकलं.

त्या 'पारड्या'नेच मला शब्दकोशाकडे नेलं. पेन्शनचं मूळ लॅटिन 'पेन्देरे' : टांगणं, तोलणं. पूर्वी धातू तोलून देणी फेडत, म्हणून तोलणं म्हणजेच फेडणं. त्यातून 'पेन्सिओ', पुढे फ्रेंच, इंग्रजी आणि मग आपण. घड्याळाचा पेंड्युलम आणि स्पॅनिश पेसो याच घरातले. आपला 'पगार' मात्र पोर्तुगीज 'पागार'मधून आला. त्याचं लॅटिन मूळ शांत करणं. पगाराने घेणेकरी शांत होतो, पेन्शनीत केलेल्या कामाचं वजन होतं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

याविरुद्धचं मत जुनं आणि बलवान आहे : पेन्शन म्हणजे धन्याची मेहेरबानी. कोशकार जॉन्सनने 1755च्या इंग्रजी कोशात पेन्शनला देशद्रोहाची मजुरी ठरवलं, आणि 1762मध्ये स्वतःच राजाची पेन्शन घेतली. आपल्याकडे 1818मध्ये गादी सोडलेल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना ईस्ट इंडिया कंपनीने वर्षाला आठ लाख रुपये लावून दिले. ते 1851मध्ये बिठूरला वारले, तेव्हा दत्तक पुत्र नानासाहेबांनी हक्क सांगितला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नाकारला. नानासाहेबांच्या वतीने अझिमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परतले. माझ्या मते मराठी मनात पेन्शन 'मिळते' किंवा 'बंद होते', ती 'फेडली जाते' असं कुणी म्हणत नाही, याचं बीज तिथेच पडलं.

तराजूच्या बाजूने मोठी साक्ष 1982ची. डी. एस. नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. तो निकाल सरकारी नोकरांचा. पण कामगारांच्या योजनेचं सूत्रही तराजूच आहे. शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पंधरा हजारांच्या कमाल पगारावर दहा वर्षांचे महिन्याला सुमारे 2,143 रुपये होतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती तोलून दिलेली आहे.

आणि नानासाहेबांना जे नाकारलं गेलं, ते या योजनेत लिहून ठेवलंय : काकांच्या पश्चात निम्मी पेन्शन काकूंना. अर्जावर त्यांचं नाव काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.