क्रोमचे व्रण

कापड रंगविण्यास व कातडी कमावण्यास लागणारे नारिंगी बायक्रोमेट ज्या हातांनी सिद्ध होत असे, त्या हातांची हकीकत रसायनशास्त्राच्या ग्रंथांतून सहसा आढळत नाही. तिच्यासाठी आपणांस स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी जावे लागते. तेथील विल्यम क्युमिन या वैद्याने १८२७ साली एक निबंध छापला. आपल्याकडील रुईचे औषधी गुण आणि बायक्रोमेटमुळे मनुष्यदेहास होणारी इजा, असे दोन विषय त्याने एकाच निबंधात हाताळले आहेत; जोडी विलक्षण खरीच!

तीव्र आम्लाने भाजले तर मनुष्य तत्काळ ओरडतो. क्रोमचे तसे नव्हे. नखाशेजारी एखादा ओरखडा असला, की तेवढ्या वाटेने तो क्षार आत शिरतो व खोल, वाटोळे भोक पाडतो; वेदना पुष्कळदा बेताचीच. कामगार त्यांस 'क्रोमची भोके'च म्हणत. धूळ नाकात बसून दोन नाकपुड्यांमधील पडदा खाऊन टाकी. बाहेरून नाक मात्र शाबूत दिसे.

ग्लासगोलगतच्या रदरग्लेन येथे जे. अँड जे. व्हाइट यांचा असा मोठा कारखाना होता. मालक लॉर्ड ओव्हरटाउन मोठे धर्मनिष्ठ गृहस्थ. विश्रामवार पाळला जावा असा त्यांचा आग्रह. मिशनांस त्यांनी सढळ हाताने द्रव्य दिले, आणि आफ्रिकेत मलावीतील 'ओव्हरटाउन इन्स्टिट्यूशन' त्यांच्याच नावाची. त्यांच्या कारखान्यात मात्र तासास ३-४ पेन्सांवर बारा बारा तास काम चाले, आणि तेही रविवारीसुद्धा. १८९९ साली तेथे संप झाला, तेव्हा मजूरपुढारी कीर हार्डी यांनी 'लेबर लीडर' पत्रातून व 'व्हाइट स्लेव्ह्ज' या पुस्तिकेतून हे सारे चव्हाट्यावर मांडले. नावात 'गोरे गुलाम' आणि 'व्हाइटचे गुलाम' असा श्लेष आहे.

लॉर्डसाहेबांस दांभिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण आम्हांस ते पटत नाही. त्यांचे दान खरे होते. मात्र ज्या खतावणीतून ते निघे, तीत नाकाच्या पडद्याचा जमाखर्च मांडलेला नव्हता, आणि तो विचारणारेही चर्चमध्ये फारसे नव्हते. पुस्तिकेनंतर थोडीबहुत सुधारणा झाली.

कारखाना १९६७ साली बंद पडला. त्याचा गाळ आसपासच्या जमिनीत पुरलेला राहिला. २०१९ व पुन्हा २०२१ साली पोलमडीचा ओढा एकाएकी हिरवागार वाहू लागला, तो त्या क्रोममुळे.