पद्मिनीचं ठिगळ

गेले तीन शनिवार मी राहूला जातोय. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या जुन्या कोडमधली ठिगळं काढायची आणि वीकेंडला आजोबांच्या गाडीची. भोग म्हणायचे, दुसरं काय!

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७६ ची. पहिल्या दिवशी चुंबक घेऊन तिच्याभोवती फिरलो. चुंबक पत्र्याला चिकटतो, फायबरला नाही. डाव्या दारांखाली तो सरळ गळून पडला. वर रंग, खाली पुट्टी, त्याखाली फायबरची अख्खी पट्टी.

चुलते (आम्ही तात्या म्हणतो) गुऱ्हाळावरून येऊन बघत उभे होते. म्हणाले, "ते मीच केलंय. नव्वद साली." आणि गप्प झाले.

काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन हे मिश्रण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुढे आलं. १९५३ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडीच त्याची निघाली. आपल्याकडे १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानीची डॉल्फिन आली, तीही फायबरचीच. गॅरेजवाल्यांना मात्र हा माल वेगळ्या कारणासाठी आवडला. वेल्डिंग नको, पत्रा ठोकणारा कारागीर नको. कात्री नि ब्रश असला की झालं. परवाना राजमध्ये नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, त्यामुळे असलेली गाडी मरू द्यायची नाही, हाच नियम होता.

गोची अशी, की पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. तिला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच उचलते. दारांखालचा पोकळ पत्रा शोभेचा नव्हे, तो गाडीचा कणा आहे. फायबर आणि पत्र्याच्या फटीत पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. वरून गाडी चकचकीत, आत गंज निवांत जेवतोय.

काढायचं कसं? आधी ग्राइंडर अजिबात नाही, काचेची धूळ छातीत जाते. उघड्यावर बसायचं, मास्क-हातमोजे घालायचे, हीट गनने रेझिन मऊ करायचं आणि पटाशीने हळूहळू उचकटायचं. पट्टी निघाली तेव्हा आतून गुळाच्या बारदानाचा तुकडा निघाला. फायबरची चटई कमी पडली म्हणून तात्यांनी तो मागून लावला होता! आणि पत्रा? बोट आरपार गेलं.

तात्या खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. "आरं, म्हंजी इतकी वर्सं पोरंबाळं घिऊन आपण ह्याच्यातनंच जेजुरीला जायचो?"

मागच्या सीटवर मीही असायचो. काय बोलणार?

"त्या ठिगळामुळंच गाडी आज इथं आहे, तात्या," एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं. नाहीतर ती कधीच भंगारात गेली असती.

पुढच्या शनिवारी सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचाय. बारदानाचा तुकडा मी ठेवून घेतलाय. तात्या म्हणतात, टाकून दे. नाही टाकणार.