नाडीची गाठ

माझी खाला गोंदियात बिड्या वळायची. दिवसभर मांडी घालून बसलेली, कमरेला परकराची नाडी आवळलेली. नाडीखाली काळपट पट्टा पडला होता. खाज सुटायची, कधी कातडी सोलवटायची. ती हळद लावून गप्प राहायची. कमर दाखवायची तरी कोणाला? त्या पट्ट्यालाही इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथले डॉ. वसंत खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये आपल्या चालीरीतींतून होणाऱ्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवरचा त्वचेचा कर्करोग होता. पुढे तो साडी नेसणाऱ्या बायकांतही दिसला. दोष कपड्याचा नव्हता. वर्षानुवर्षं एकाच जागी बसणारा काच, घाम आणि न भरणारी जखम, यांतून तो होत होता.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकीकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीची जखम अठरा महिने भरली नव्हती, दुसरीची दोन वर्षं. दुसरी बाई चाळीस वर्षं लुगडं घट्ट कसून नेसत होती. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. म्हणजे रोग माहीत होऊन जवळपास ऐंशी वर्षं झाली, तरी बाई दवाखान्यात उशिराच पोहोचते.

इलाज तर आहे. आधी जखमेचा छोटा तुकडा काढून तपासतात. कर्करोग निघाला तर भोवतीच्या थोड्या चांगल्या कातडीसह तो भाग कापून काढतात. जागा मोठी असेल तर अंगावरचीच दुसरीकडची कातडी तिथे लावतात. शस्त्रक्रिया झेपत नसेल तर किरणांचा शेक देतात. रोग गाठीत उतरला तर गाठीही काढाव्या लागतात. लवकर आलेले बहुतेक रुग्ण बरे होतात.

हया आपल्याला प्यारी आहे, असावीही. पण इलाजासाठी डॉक्टरला अंग दाखवायची मुभा आपल्या धर्मात आहे. साडी असो की सलवार, नाडी रुंद घ्या, सैल बांधा, बांधायची जागा बदलत राहा. महिनाभर न भरलेली जखम दाखवा.

खालाच्या पट्ट्याचं पुढे काय झालं? कोणी तपासलंच नाही. ती गेली, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.