तळटीप ७ : तांबुद्झाईचा करंडक

७. ‘हुकलेला करंडक’ : संदर्भ त्सित्सी डँगारेम्बगा यांच्या ‘द बुक ऑफ नॉट’ (२००६) या कादंबरीचा. ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) आणि ‘धिस मोर्नेबल बॉडी’ (२०१८) यांच्यामधली ही कडी. तिन्हींची नायिका तांबुद्झाई. पहिल्या कादंबरीत शाळेच्या फीसाठी ती स्वतः मका पेरते, खुरपते. कणसं भाऊच चोरतो, तरी ती हटत नाही. मास्तरांबरोबर उम्ताली (आजचे मुतारे) गाठून ती कणसं विकायला उभी राहते. तिथे एक गोरी बाई दया येऊन दहा पौंड देते. म्हणजे फीची सोय होते, पण मक्याच्या भावाने नव्हे, दयेने. हा धडा तिला पुढे वारंवार गिरवावा लागतो. ‘द बुक ऑफ नॉट’मध्ये कॉन्व्हेंट शाळेत ‘ओ लेव्हल’ परीक्षेला ती सर्वांत वरचढ ठरते, करंडक मात्र गोऱ्या वर्गमैत्रिणीला मिळतो. हे ऱ्होडेशियातले, म्हणजे झिंबाब्वे होण्याआधीचे. १९८० साली झिंबाब्वे स्वतंत्र झाल्यावर जाहिरात संस्थेत तिने लिहिलेला मजकूर गोऱ्या सहकाऱ्याच्या नावावर खपतो. झेंडा बदलला, श्रेय वाटणारे हात तेच राहिले. मात्र तिला निव्वळ बिचारी समजू नये. कष्ट केले की फळ मिळणारच, हा शाळेने शिकवलेला हिशेब तिला इतका पटलेला असतो की अन्याय झाला तरी ती दोष स्वतःलाच देते. लेखिकेने स्वतः जाहिरात संस्थेत मजकूर-लेखनाची नोकरी केली होती, हेही इथे नोंदवायला हवे.