सीमेवरची तीन स्थानके

आपल्या मराठवाड्यातल्या शाळांत १ मे आणि १७ सप्टेंबर अशा दोन्ही दिवशी झेंडावंदन होते. एका तारखेने सीमा आखली, दुसरीने पुसली. सनावळी आपण वर्गात पाठ केली. सीमा म्हणजे काय, हे मला रेल्वे स्थानकांच्या इतिहासातून अधिक उमगले.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूर स्थानक नेमके सीमेवर आले. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. एका बाकड्याच्या मधूनच सीमा जाते. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने एकाच फलाटावर कायदा बदलतो. प्रवाशाला मात्र इकडून तिकडे जाताना कोणी अडवत नाही.

त्यानंतर सव्वा वर्षाने, १३ ऑगस्ट १९६१ रोजी, बर्लिन शहर दुभंगले. पॉट्सडामर प्लाट्झ हे भुयारी स्थानक सीमेवर सापडले आणि बंद झाले. पश्चिमेच्या गाड्या त्याच बोगद्यातून जात, पण तिथे थांबत नसत. अंधुक फलाटावर पूर्वेचे पहारेकरी असत. विशेष म्हणजे, तेव्हा शहराच्या दोन्ही भागांतली ही उपनगरी रेल्वे पूर्व जर्मनीच चालवत होती. रेल्वे एक असूनही स्थानक वाचले नाही, कारण माणसांना पलीकडे जायची मुभा उरली नव्हती. ते पुन्हा उघडले ३ मार्च १९९२ रोजी.

तिसरे स्थानक आपल्या ओळखीचे, मनमाड. निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज मार्ग जालन्यावरून येऊन इथे ब्रिटिश हद्दीतल्या ब्रॉडगेजला मिळे. मुंबईला निघालेल्या जालनेकराला गाडी बदलावीच लागे. निजामी मुलखात हाली सिक्का चाले, सीमेवर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. पुढे सिक्का गेला, करोडगिरी गेली. अरुंद रूळ मात्र १९९०च्या दशकापर्यंत राहिले. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा करताना हा हिशेबही धरायला हवा.

आपल्यापैकी अनेकांनी मनमाडला ट्रंक उतरवून, जिना चढून दुसरी गाडी गाठली असेल. नकाशावरून पुसलेली निजामाची सीमा आपण तेव्हा सामानासह ओलांडत होतो.