गजरा कोणाचा? स्वतःसाठी फूल घेण्याच्या हक्काची कथा

१/ दादर स्थानकाबाहेरच्या फूलबाजारात कामावरून परतणाऱ्या कितीतरी स्त्रिया मोगऱ्याचा गजरा विकत घेऊन तिथेच केसांत माळतात. आज यालाच कोणी ‘सेल्फ-केअर’ म्हणेल. मात्र महाराष्ट्रात स्त्रीने स्वतःच्या आनंदासाठी फूल घेणे नेहमीच इतके सहज नव्हते. त्या इतिहासाचा हा धागा.

२/ जुन्या घरांत फुलपुडी येई ती देवासाठी. केसांतले फूल मात्र कुंकू, बांगड्या आणि मंगळसूत्र यांच्या पंक्तीतले. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ते सौभाग्याचे, म्हणजेच पती हयात असल्याचे चिन्ह मानले जाई. त्यामुळे हळदीकुंकवाच्या समारंभात विधवेला स्थान नसे.

३/ पती निवर्तला की ही सारी चिन्हे एकदमच उतरवली जात. अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची मुभा होती. पण ब्राह्मणांत आणि इतर काही जातींत विधवेचे केशवपनही होई. बालविवाहाच्या त्या काळात अशा विधवांमध्ये आठ-दहा वर्षांच्या मुलीही असत. देवघरातल्या वाती तिने वळायच्या. शेजारच्या परडीतले फूल मात्र तिचे नव्हे.

४/ १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरला. पण पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने जाई. रोजच्या जगण्यातील बंधनांना तर त्याने हातही लावला नाही.

५/ १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून तिला उत्तर दिले. त्यांचा रोकडा सवाल असा होता : पत्नी वारल्यावर पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो, मग पती वारल्यावर सारी बंधने स्त्रीलाच का?

६/ १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्यांच्या हातून ही प्रथा चाले, त्यांनीच ते हात मागे घेतले. केस राहिले, तरच त्यांत फूल माळण्याचा प्रश्न!

७/ गजरा विकत घ्यायचा तर कनवटीला स्वतःचा पैसाही हवा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. तेथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला आणि बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याची वाट दाखवली. दुसऱ्याच्या घरात एक वेळ जेवून दिवस कंठणाऱ्या स्त्रीच्या हाती आता पगार येऊ लागला.

८/ हा इतिहास अजून संपलेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे थांबवावे, असे त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. १८५६ च्या कायद्यानंतर १६६ वर्षांनीही अशा ठरावाची गरज भासली, हे विसरता येत नाही.

९/ म्हणून स्वतःसाठी घेतलेल्या गजऱ्याकडे निव्वळ हौस म्हणून पाहू नये. तो माळण्यासाठी कोणाच्या हयातीचा दाखला लागत नाही, ही स्थिती लढून मिळवलेली आहे. आपल्या घरातील आजी-पणजींना अवश्य विचारा : तुम्ही स्वतःच्या पैशाने, स्वतःसाठी पहिल्यांदा फूल कधी घेतले? उत्तर लिहून ठेवा. असा इतिहास दफ्तरखान्यात क्वचितच सापडतो.