गाडीची कांती

घासणं-पुसणं हे बायकांचं काम आणि गाडी धुणं मात्र पुरुषांचं, ही वाटणी कुणी केली देव जाणे. आमच्या घरी तरी, जन्मात स्वतःचा चहाचा कप न विसळलेला एक गृहस्थ दर रविवारी पहाटे सहाला बादली घेऊन खाली उतरत असे. ते आमचे वडील, नाना.

नानांनी १९६९ साली फियाटसाठी नंबर लावला. गाडी आली १९७५ साली. मधल्या काळात तिची नावंच बदलली. आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग १९७४ साली प्रीमियर पद्मिनी. बारशाआधीच दोनदा नाव बदललेलं हे कन्यारत्न कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून आमच्या पुण्याच्या वाड्यासमोर उभं राहिलं, तेव्हा आई औक्षणाचं ताट घेऊन धावली. नाना ओरडले, "अगं, कुंकू बॉनेटला नको, डाग पडेल! नारळाला लाव."

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. नवी गाडी आधी त्याच्या पायाशी न्यायची, एवढंच आईचं मागणं होतं. पण दिवे घाटात धूळ फार! शेवटी आम्ही तिघंही एस.टी.नं जेजुरीला गेलो, पुडीतून भंडारा आणला आणि गाडीपुढच्या नारळालाच लावला. "पाऊस होऊ दे, धूळ बसू दे, मग नेऊ," नाना म्हणाले. पाऊस झाला. मग चिखल होता.

गाडीच्या रंगाला नाना 'ड्यूको' म्हणत, आणि तो शब्द अशा काही भक्तिभावानं उच्चारत, की लहानपणी मला तो इटलीचा कुणी खंडोबाच वाटे. पुढे कळलं, ते अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. त्याआधी मोटारीला घोडागाडीसारखंच रंगवत. ब्रशानं व्हार्निशचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. यात आठवडेच्या आठवडे जात. हेन्री फोर्डला एवढा धीर कुठला? त्यानं १९१४ पासून दहाबारा वर्षं आपली 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात काढली. त्या जातीच्या काळ्या रोगणाला इंग्रजीत 'जपान' म्हणतात, कारण पूर्वेकडच्या लाखकामाची नक्कल करता करता युरोपात ते जन्माला आलं. हे जपान जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९२३ साली ड्यूको आला. कापसासारख्या पदार्थावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला. बंदुकीच्या दारूचा हा चुलतभाऊच म्हणा ना! पिचकारीनं उडवायचा आणि तासाभरात वाळवायचा. जनरल मोटर्सच्या 'ओकलंड' गाड्या त्यात निळ्याशार होऊन बाहेर पडल्या आणि मोटारींचं सुतक फिटलं. एकच खोड होती. हा रंग आपसूक चमकत नसे, घासून चमकवावा लागे. शिवाय उन्हापावसात तो फिका पडे, की पुन्हा घासणं आलं. रविवारी बादली घेऊन उतरणाऱ्या नवऱ्यांची जात तेव्हाच पैदा झाली, असं माझं मत आहे. आपल्याकडचे गॅरेजवाले अजूनही कुठल्याही फवाऱ्याच्या रंगकामाला 'ड्यूको' म्हणतात, ते उगाच नाही.

नानांची पूजा षोडशोपचारे चाले. आधी कोरड्या फडक्यानं धूळ झटकणे, मग कपड्यांच्या साबणाचं पाणी, मग जुना बनियन आणि डबीतलं पॉलिश. गोल गोल घासता घासता बनियन निळा होई. तो आम्हाला दाखवून नाना विजयी मुद्रेनं म्हणत, "बघा! किती मळ निघाला!"

गाडी निळी होती, हे कुणाच्याच ध्यानात येत नसे.

आठ वर्षांनी बॉनेटच्या कडांवरून खालचा तांबडा अस्तराचा रंग डोकावू लागला. रंगारी बोट फिरवून म्हणाला, "साहेब, हिला ऊन लागलं नाही, पाऊस लागला नाही. तुमचा हात लागलाय." पॉलिश म्हणजे अतिबारीक पॉलिशकागदच की! ते चरे मिटवतं, म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा रंग तासून त्याच्या पातळीला आणतं. रंग राखतं ते मेण. ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांवरून झाडून काढलेलं हे मेण ऐंशी अंशांच्या पुढे जाईपर्यंत वितळत नाही. नानांनी तेवीस वर्षं मेणाच्या जागी पॉलिश घासलं. ते १९९८ साली गेले, तेव्हा गाडी तेवीस हजार किलोमीटर चालली होती, दोनदा रंगून झाली होती, आणि जेजुरी बाकी होती.

आता माझी गाडी आहे आणि रविवारही माझाच आहे. परवा चिरंजीवांनी एक मातीचा गोळा आणून दिला. "बाबा, हा क्ले. आधी प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या बॉनेटवर फिरवा." फिरवली. दोन दिवसांच्या दाढीसारखं खरखरीत लागलं! ब्रेकची, रुळांची लोखंडी कूस रंगात रुतून बसते आणि धुण्यानं जात नाही. साबणाच्या पाण्यावरून हा गोळा अलगद सरकवायचा, मळला की कणकेसारखा घडी घालून मळायचा. ही करामत आली कुठून? खुद्द जपानमधून! १९९० च्या दशकात ती जगभर पसरली. चेहऱ्याला मुलतानी माती लावणाऱ्या देशाला हे आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

गोळा माझ्या हातून एकदा जमिनीवर पडला. सौभाग्यवती म्हणाल्या, "धुऊन घ्या की." चिरंजीव किंचाळले, "टाकून द्या! खडे चिकटले, आता चरे पाडेल!" हल्लीच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून पातळ. माझ्या डोक्यावर मोजायला केस उरले नसल्यानं हे ऐकीव सांगतो. तेवढ्या भांडवलावर जन्म काढायचा! म्हणून पॉलिशच्या बाटलीला मी हातच लावला नाही. सावलीत नुसतं मेण लावलं.

गाडी लखलखली. सत्त्याऐंशी वर्षांची आई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखीच केलीस हो." आणि जराशानं, "आता घालशील ना आच्छादन?"

मी किल्ली काढली. "आई, चल. जेजुरी."

"आत्ता? धुतलेली गाडी घेऊन?" सौभाग्यवती.

दिवे घाटातली धूळ यथास्थित अंगावर घेत आम्ही पोचलो. पायऱ्या आईला जमणार नव्हत्या, तिनं खालूनच कळसाला हात जोडले. मग पुडी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि "यळकोट यळकोट" म्हणत सरळ बॉनेटवर थापला. पन्नास वर्षांचा नेम होता, मूठ अर्धी सांडली तरी चुकला नाही.

माझा हात खिशातल्या फडक्याकडे गेला, आणि तिथंच थांबला.

हळदीचा डाग क्लेनं निघतो का, हे मी चिरंजीवांना अजून विचारलेलं नाही.